भगताचं नंतर बघू, आधी गोळी

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"ताई, नमस्कार. मी नोकरीसाठी शहरात असतो, आई आणि धाकटी बहीण गावी. बहीण 19 वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. दीड वर्षापूर्वी तिला पहिल्यांदा फिट आली. दुसरी आल्यावर मी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांना दाखवलं. स्कॅनमध्ये मेंदूत एक बारीक गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, 'डुकराच्या जंताची गाठ आहे, गोळ्या सुरू करा.' आई माळकरी. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तिला ते वाक्य इतकं लागलं की बाहेर आल्यावर म्हणाली, 'यांनी दुसऱ्याच कुणाचा फोटो बघितला.' तरी चार महिने गोळ्या दिल्या, सोडियम व्हॅल्प्रोएट. एकदाही फिट आली नाही म्हणून मग बंद केल्या. त्यानंतरच्या सात महिन्यांत तीनदा आली, त्यातली एक भर वर्गात. मुलांनी चप्पल हुंगवली, कुणीतरी व्हिडिओ काढला. तेव्हापासून तिने कॉलेज सोडलंय. आई आता दर अमावास्येला तिला एका भगताकडे नेते. मामा म्हणतात, गवगवा करू नका, लग्न उरकून टाका, आपोआप थांबेल. माझं आईशी रोज फोनवर भांडण होतं. जुनी चिठ्ठी माझ्याकडे आहे, तिच्यावर गोळ्या आणून सुरू करू का? या गोळ्यांनी डोकं मंद होतं, सवय लागते असंही ऐकतो. आईच्या डोक्यातली ही अंधश्रद्धा कशी काढू?"

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. आईच्या डोक्यातली अंधश्रद्धा काढायचं काम तूर्तास बाजूला ठेवा. रोजचं भांडण तर आजपासूनच बंद करा. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि मला त्यात आडमुठी बाई कुठे दिसली नाही. डॉक्टरांचं बोलणं मनाला लागलं, तरीही जिने चार महिने न चुकता मुलीला गोळ्या दिल्या अशी आई दिसली. फिट थांबल्यावर तिने गोळ्या थांबवल्या, कारण 'अजून किती दिवस' हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ताप उतरला की आपण औषध बंद करतो, तसंच तिने केलं. मग फिट परत आली. आता तिच्या हिशेबाने डॉक्टरचं करून झालं, गुण आला नाही, दुसरं दार ठोठावून बघू. या हिशेबात तिचा दोष मला फारसा दिसत नाही. फिटच्या रुग्णांच्या घरच्यांशी बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. दवाखान्यात येणाऱ्या दहातल्या सात-आठ आया भगताकडे जाऊन आलेल्या असतात, आणि पुन्हाही जातात. त्यातल्या ज्यांच्या मुलांना गोळी वेळेवर मिळते, त्यांची मुलं सुधारतात. भगताच्या फेऱ्या कमी-जास्त झाल्याने त्यात फरक पडलेला मी पाहिला नाही.

आता त्या डुकराच्या जंताबद्दल. हे तुम्ही आईला स्वतः समजावून सांगा, आणि फोनवर नको, समोर बसून.

हा जंत म्हणजे पट्टकृमी. अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो वाढतो, आणि बऱ्याचदा त्या माणसाला पत्ताही नसतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचावाटे बाहेर पडतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी ती बारीक असतात. माणूस उघड्यावर बसला, पावसाने ते पाणी मळ्यात गेलं, मळ्यातली कोथिंबीर नीट न धुता ताटात आली, की अंडी तिसऱ्याच्याच पोटात जातात. किंवा शौचाहून आल्यावर हात न धुतलेल्या माणसाने वाढलं, तरीही जातात. पोटात अंड्यातून अळी निघते, रक्तातून मेंदूपर्यंत पोचते आणि तिथे तिची गाठ बनते. म्हणजे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात किडा, आणि ज्याच्या पोटात अंडी गेली त्याच्या मेंदूत गाठ. तो दुसरा माणूस जन्मात मांसाला न शिवलेला असू शकतो. आपल्या देशात असे शाकाहारी रुग्ण डॉक्टर कायम बघतात. आणि गंमत अशी की डुकरालाही हा जंत माणसाकडूनच मिळतो, माणसाची घाण खाऊन. त्यामुळे तुमच्या आईच्या माळेला कुठेही बट्टा लागत नाही. संडास, पाणी आणि हात धुणं याची ही गोष्ट आहे, आणि ती सगळ्या गावाची आहे. ज्या देशांत हा जंत पसरलेला आहे, तिथे फिटच्या आजाराच्या सुमारे 30 टक्के रुग्णांमध्ये कारण हेच असतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांना हे सांगायला तीन मिनिटं लागली असती. बाहेर शंभर रुग्ण खोळंबलेले असताना ती तीन मिनिटं मिळत नाहीत, हेही मला माहीत आहे. पण त्या तीन मिनिटांपायी तुमच्या घरात जवळजवळ वर्ष गेलं.

यात एक चांगली बातमीही आहे. अशी एकच गाठ असेल, तर ती पुष्कळदा काही महिन्यांत विरते. विरली की काही काळाने गोळ्याही थांबवता येतात. तिचा चुन्यासारखा कडक ठिपका उरला, तर जास्त काळ घ्याव्या लागतात. यातलं काय झालंय ते पुन्हा स्कॅन केल्याशिवाय कळणार नाही. 'जंताचं औषध' म्हणून दुकानातून अल्बेंडाझोल आणून मनाने कोर्स मात्र देऊ नका. मेंदूतला जंत मरताना भोवती सूज येते आणि फिट वाढू शकते. ते द्यायचं की नाही, कधी द्यायचं, सूज आवरायला सोबत काय द्यायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

चार महिने फिट आली नाही, याचा अर्थ गोळी काम करत होती. गोळी फिटला आवर घालते, पण फिटचं मूळ कारण काही ती चार महिन्यांत नाहीसं करत नाही. सर्वसाधारणपणे निदान दोन वर्षं एकही फिट आली नाही, की मग डॉक्टर गोळी कमी करायचा विचार करतात. तीही एकदम नाही, आठवड्या-आठवड्याने उतरवत. एका रात्रीत बंद केली की आजार नुसता परत येत नाही, उसळून येतो. एकामागून एक, मधे शुद्धीवर न येता फिट येत राहण्याचा जीवघेणा प्रकार असा अचानक औषध तोडल्याने होऊ शकतो. तुमच्या बहिणीचं तिथवर गेलं नाही हे नशीब.

या आजारात एक खोडी आहे. तो स्वतःच चढतो आणि स्वतःच उतरतो, त्यामुळे त्या वेळी जो कुणी हजर असेल त्याला फुकटचं श्रेय मिळतं. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते. दुसऱ्याची चप्पल शोधून, आणून, नाकाशी धरेपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो. भगताचंही तेच. लोक त्याच्याकडे जातात ते वाईट आठवड्यात, आणि वाईट आठवड्यानंतर बरा आठवडा यायचाच असतो. आईला हे तत्त्वज्ञान ऐकवू नका, तुम्ही मात्र लक्षात ठेवा. म्हणजे ती 'मागच्या वेळी गुण आला होता' म्हणाली तर ती खोटं बोलतेय असं तुम्हाला वाटणार नाही.

आता थोडं तुमच्या घराबाहेरचं सांगते, कारण तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात आणि शिकलेल्या भावांचा रोख बहुतेक वेळा गावच्या अंधश्रद्धेवरच असतो. जगात सुमारे 5 कोटी लोकांना हा आजार आहे. त्यातले जवळपास 80 टक्के आपल्यासारख्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान आणि औषध मिळालं तर 70 टक्क्यांपर्यंत लोकांची फिट पूर्ण थांबू शकते. तरीही गरीब देशांतल्या चारांपैकी तिघांना उपचार मिळत नाहीत. का मिळत नाहीत? करणी आणि बाहेरची बाधा मानणारे लोक आहेत म्हणून, हे अर्धंच उत्तर झालं. मेंदूचे डॉक्टर मोठ्या शहरांत बसतात. ज्या गोळ्यांचा वर्षाचा खर्च माणशी 5 डॉलर इतका खाली येऊ शकतो, त्याच गोळ्या सरकारी दवाखान्यात महिना-महिना संपलेल्या असतात. फिनोबार्बिटोन हे त्यातलं सगळ्यात स्वस्त औषध. जर्मनीतल्या आल्फ्रेड हाउप्टमान यांनी ते 1912 साली फिटवर वापरून पाहिलं, आणि शंभर वर्षं उलटून गेली तरी ते गुणकारीच आहे. पण 1971च्या आंतरराष्ट्रीय करारात ते नशा आणणाऱ्या औषधांच्या नियंत्रित यादीत गेलं. परवाने आणि नोंदवह्यांच्या कटकटीमुळे पुष्कळ ठिकाणी ते ठेवायलाच कुणी तयार नसतं.

उलट जिथे गोळी गावात पोचवली तिथे काय झालं ते बघा. चीनच्या ग्रामीण भागात जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेत साध्या, थोडंसं प्रशिक्षण दिलेल्या गावपातळीवरच्या डॉक्टरांनी जवळपास अडीच हजार रुग्णांना हीच फिनोबार्बिटोनची गोळी दिली. 2006 साली त्याचे आकडे छापून आले. ज्यांनी वर्षभर गोळ्या घेतल्या, त्यांच्यातल्या 68 टक्के लोकांच्या फिट निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्या, आणि एक तृतीयांश लोकांच्या पूर्ण थांबल्या. पुढे घाना, मोझांबिक, म्यानमार आणि व्हिएतनाममध्येही असंच गावपातळीवरचं काम झालं. आफ्रिकेच्या काही भागांत फिट आलेल्या माणसाच्या लाळेने आजार लागतो असं मानतात. चुलीत पडलेल्या माणसालाही उचलायला कुणी पुढे होत नाही, आणि भाजल्याचे व्रण घेऊन लोक जन्मभर वावरतात. अशा गावात नुसतं भाषण करून काही होत नाही. पण शेजारची पोर सहा महिने पडली नाही हे दिसलं, की तोच शेजारी विचारतो, 'औषध कुठून आणलं?' माझं म्हणणं एवढंच आहे. समजूत बदलायची असेल तर आधी फिट थांबवा. तुमची आईही त्याच वाटेने येईल.

तर गोळीचं बघू. जुनी चिठ्ठी वापरू नका. तिचं औषध सात महिने बंद आहे, तीन फिट येऊन गेल्या आहेत, गाठीचं काय झालं ते माहीत नाही. काही औषधं एकदम पूर्ण मात्रेत सुरू करताच येत नाहीत, अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. व्हॅल्प्रोएट औषध म्हणून चांगलं आहे, पण गरोदरपणात पोटातल्या बाळाला ते घातक ठरतं. व्यंग येण्याचा, पुढे बुद्धीच्या वाढीवर परिणाम होण्याचा धोका बराच असतो. मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि बायकांना ते देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये सांगितलं आहे. लेव्हेटिरासिटाम, लॅमोट्रिजिन अशी दुसरी औषधं आहेत. डॉक्टरांना सरळ विचारा, 'हिचं वय 19 आहे, हिला कुठलं औषध बरं?' (हे वाचणाऱ्या ज्या मुली आज व्हॅल्प्रोएट घेत असतील, त्यांनी ते स्वतःहून बंद करायचं नाही. पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यायचं.)

आणि हे सगळं याच आठवड्यात करा. मेंदूच्या डॉक्टरची तारीख लांबची मिळत असेल तर तोवर एखाद्या एम.डी. फिजिशियनला दाखवून औषध सुरू करून घ्या. पुढच्या साध्या सल्ल्यासाठी सरकारची ई-संजीवनी आहे, घरबसल्या फोनवर डॉक्टर भेटतात, पैसे पडत नाहीत. दवाखान्यात जाताना तिच्या फिटची वही घेऊन जा. नसेल तर आज सुरू करा. तारीख, वेळ, किती मिनिटं, आदल्या रात्री झोप झाली होती का, गोळी चुकली होती का, पाळीच्या आसपास आली का. सुरुवात कुठून झाली हेही लिहा. आधी एक हात उडायला लागतो, का मान एका बाजूला वळते, का एकदम पडते? डॉक्टरांना फिट स्वतः बघायला मिळत नाही, त्यांचं निम्मं निदान या वर्णनावर चालतं. घरातल्याच कुणी उपचारासाठी मोबाइलवर व्हिडिओ काढला तर तो त्यांना फार उपयोगी पडतो. वर्गातल्या मुलांनी काढला तो प्रकार वेगळा, त्याच्याकडे पुढे येते.

सवय लागते का, मंद होते का? नशेची लागते तशी सवय या गोळ्यांची लागत नाही. गोळी थांबवली की फिट येते याचा अर्थ आजार अजून आहे, एवढाच. पहिले काही दिवस गुंगी, सुस्ती, चिडचिड होऊ शकते. आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांची कमी होते. नाही झाली तर मात्रा किंवा औषध बदलता येतं, त्यासाठीच डॉक्टर आहे. अंगावर पुरळ, तोंडात फोड आले तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं. डोक्याला जास्त नुकसान करते ती वारंवार येणारी फिट.

गोळीत खंड पडतो तो बहुधा साध्या कारणांनी. पाकीट रविवारी संपतं, दुकान बंद. प्रवासाला जाताना डबी घरी राहते. उपास म्हणून पोट रिकामं, म्हणून गोळी नको. मी एका बाईंच्या पिशवीत रिकामी पाकिटं नीट रबर लावून ठेवलेली पाहिली होती. प्रत्येक पाकिटाच्या शेवटच्या दोन गोळ्या शिल्लक. विचारलं तर म्हणाल्या, 'अगदीच संपल्या तर काय, म्हणून दोन-दोन राखून ठेवते.' म्हणजे काटकसरीपोटी महिन्यातून दोन दिवस नागा. वर त्यांच्या मुलाला दर महिन्याला ठरल्यासारखी फिट यायची आणि घरात त्याचा संबंध तिथीशी जोडलेला होता. तुम्ही शहरातून एक काम करू शकता. दहा दिवसांच्या गोळ्या कायम जास्तीच्या घरात राहतील असं बघा, आणि रात्री आठला बहिणीला फोन करा. आईला नाही, बहिणीला. एकादशी असेल तर पाण्याबरोबर गोळी घ्यायची. त्याने उपास मोडत नाही, आणि मोडतो असं कुणाला वाटलं तर आईच तिला सांगेल, माळकरी माणसं याबाबतीत आपल्यापेक्षा समंजस असतात. रात्रीचं जागरण मात्र तिने टाळायचं. झोप मोडली की फिटला निमित्त मिळतं.

भगताबद्दल आईशी भांडू नका, पण सीमा आखून घ्या, आणि ती शांतपणे सांगा. अंगारा लावला, लिंबू ओवाळलं, धागा बांधला, चालेल. धुरी नाही. मारणं, चटके देणं, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं नाही. पुडीतलं औषध नाही, कारण त्यात काय असतं ते पुडी बांधणाऱ्यालाही सांगता येत नाही. आणि भगताने 'डॉक्टरची गोळी बंद कर' म्हटलं की त्याच दिवसापासून जाणं बंद. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, मिरचीची धुरी, चटके हे महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हे आहेत, हे त्याला माहीत असेलच, नसेल तर कळवा. बाकी आईच्या विठ्ठलाचं आणि गोळीचं काही वाकडं नाही.

फिट आली की काय करायचं ते घरात, शेजारी आणि तिच्या दोन मैत्रिणींना पाठ करून ठेवा. घड्याळ बघा. आजूबाजूची टोकदार, गरम वस्तू दूर करा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, गळ्याजवळचं घट्ट सैल करा. झटके थांबले की, किंवा त्याआधीही जमलं तर, तिला कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील. हातपाय दाबून धरायचे नाहीत. दातखीळ बसली म्हणून चमचा, बोट, कापड काही तोंडात घालायचं नाही, दात तुटतात, बोट तुटतं, तुकडा घशात जातो. चप्पल नको, कांदा नको, तोंडावर पाणी मारणं नको. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीही पाजायचं नाही. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, किंवा पडून जोराचा मार लागला, तर 108. घरी ठेवायचा नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, तो तिच्यासाठी हवा का आणि कधी वापरायचा हे डॉक्टरांना विचारून घ्या. फिट आटोक्यात येईपर्यंत विहिरीवर, तळ्यावर एकटीने नाही, उघड्या चुलीपाशी एकटीने नाही, न्हाणीघराला आतून कडी नाही, स्कूटी नाही. एवढी बंधनं पुरेत. त्यापलीकडे तिला घरात कोंडून ठेवायचं काही कारण नाही.

कॉलेज. तो व्हिडिओ कुणी काढला हे तिला बहुधा माहीत असेल. प्राचार्यांना भेटा, व्हिडिओ काढून टाकायला लावा, पण मुलाला शिक्षा व्हावी यापेक्षा त्या वर्गाला वर सांगितलं ते दहा मिनिटांत शिकवावं, असा आग्रह धरा. ज्यांनी चप्पल धरली ती मुलं मदतच करत होती, त्यांना जे ठाऊक होतं ते त्यांनी केलं. बहिणीला सांगा, जगात दर दहा माणसांत एकाला आयुष्यात कधी ना कधी एकदा तरी फिट येऊ शकते. त्या वर्गातही पुढेमागे कुणाला तरी येईल. 1992च्या विश्वचषकात इंझमामला धावबाद करायला यष्टींवर आडवा झेपावलेला जाँटी ऱ्होड्स आठवतो? त्यालाही हा आजार आहे आणि तो त्याबद्दल उघड बोलतो. ती त्या सामन्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली, पण चित्रफीत बघून घेईल.

आता मामा. लग्नाने फिट थांबत नाही. होतं उलटंच. नव्या घरात गोळ्या लपवायच्या म्हणजे गोळ्या चुकायच्या, जागरणं, ताण, मग नेमक्या पहिल्या महिन्यात सगळ्यांसमोर फिट. मग 'फसवलंत' म्हणून मुलगी परत. मी हे इतक्यांदा पाहिलंय की या सल्ल्याचा मला संताप येतो. हिंदू विवाह कायद्यात एके काळी वारंवार येणारी फिट लग्नाच्या आड येत होती. 1999 साली तो शब्द कायद्यातून काढून टाकला. आज फिट येते म्हणून लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही, पण आजार लपवला तर फसवणुकीचा मुद्दा कोर्टात उभा राहू शकतो. तेव्हा जेव्हा केव्हा स्थळ बघाल तेव्हा आधी सांगायचं, शक्यतो तिने स्वतः, आणि डॉक्टरांचा कागद सोबत ठेवून. जे ऐकून मागे फिरतील त्यांना फिरू द्या. जंताच्या गाठीमुळे आलेली फिट मुलाबाळांत उतरत नाही, हेही मामांच्या कानावर घाला. फिटचा आजार असलेल्या बहुतेक बायकांना सुदृढ मुलं होतात. फक्त औषधाची आखणी दिवस राहण्याआधी करावी लागते. केरळमध्ये 1998 पासून अशा गरोदर बायकांची नोंद ठेवून त्यांचा पाठपुरावा करण्याचं काम चालू आहे, म्हणजे या बाबतीत आपल्याकडचे डॉक्टर अंधारात चाचपडत नाहीत.

सगळ्यांच्याच फिट गोळ्यांनी थांबत नाहीत, हेही सांगायला हवं. योग्य निवडलेली दोन औषधं पुऱ्या मात्रेत घेऊनही आवर बसला नाही, तर मोठ्या केंद्रात पाठवायला सांगा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत 1995 पासून फिटसाठी मेंदूच्या शस्त्रक्रिया होतात, इतरही शहरांत आता होतात. तुमच्या बहिणीवर ती वेळ येईल असं मला आज तरी वाटत नाही. तिची फिट एका साध्या गोळीने चार महिने थांबली होती.

एक खटकलं. एवढ्या पत्रात आई काय म्हणते, मामा काय म्हणतात, वर्गातली मुलं काय म्हणतात सगळं आलं. बहीण काय म्हणते ते कुठेच नाही. तिला कुठले डॉक्टर बरे वाटले, गोळ्यांनी तिला काय होत होतं, भगताकडे बसल्यावर तिला काय वाटतं, कॉलेजला तिला जायचंय का, हे तुम्ही तिला विचारलंय का, ते मला कळलं नाही. ती 19 वर्षांची आहे, वही तिने लिहायची, डॉक्टरांशी तिने बोलायचं, तुम्ही शेजारी बसा. हे उत्तर तिलाही वाचायला द्या. तिचं स्वतःचं पत्र आलं तर त्याचं उत्तर मी तिच्या नावाने पाठवीन, आणि त्यात काय लिहिलं ते तुम्हाला सांगायचं की नाही ते ती ठरवेल.